खलातला ठेचा

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, शिवप्पाचं नाव दोन गोष्टींसाठी घेत. एक म्हणजे, त्याच्या पाठीवरचं पोतं कधी खाली पडलं नाही. दुसरी म्हणजे त्याचा ठेचा.

पोत्याचं सांगायला फार काही नाही. उमेदीची सगळी वर्षं त्यानं हमाली केली. तूर, उडीद, हरभरा, पुढं सोयाबीन. गाडीतून थप्पीवर, थप्पीवरून गाडीत. फळी चढताना पाय कुठं रोवायचा आणि श्वास कुठं सोडायचा हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं. एखाद्या हमालानं पोतं फरफटत नेलेलं दिसलं की तो थप्पीवरून ओरडायचा, "उचल की! ओढायला ते काय मेलेलं जनावर हाय?" टोळीतले लोक हसायचे, पण ओढणारा दुसऱ्या खेपेला उचलायचा.

ठेच्याचं मात्र नीट सांगायला हवं. दुपारी टोळी शेडच्या सावलीत बसायची. ज्याच्या त्याच्या फडक्यात भाकरी. शिवप्पा काटक्या पेटवायचा. हिरव्या मिरच्या विस्तवावर लोळवून भाजायच्या, टोमॅटो निखाऱ्यात घालून साल काळी पडेपर्यंत ठेवायचे, लसणाच्या कुड्या सालीसकट भाजायच्या. मग दगडी खल. आधी खडेमीठ आणि लसूण. त्यावर कोथिंबिरीचे देठ. मग मिरच्या, तोडून. टोमॅटो शेवटी, एकेक, आणि तो कुटायचा नाही, बत्त्यानं दाबायचा. कुटला की रस उडतो आणि डोळ्यांत जातो. कच्चा कांदा बारीक चिरून वरून. कोथिंबिरीची पानं हातानं तोडून. मिरचीचा धागा दिसला पाहिजे आणि टोमॅटोचं बी आख्खं राहिलं पाहिजे, असा त्याचा हिशेब. एवढं झालं की टोळी खलाभोवती बसायची आणि खल पुसून काढायची.

मोंढ्यातून निवृत्त झाला तेव्हा लोकांनी त्याला शाल दिली. शाल त्यानं पिशवीत टाकली आणि खल खांद्यावर घेऊन चालत घरी आला. बायको, बसम्मा, दारात उभी होती. म्हणाली, "लोक पेन्शन घेऊन येतात, तुमी धोंडा आणलाव." ती गेल्याला आता काही वर्षं झाली. खल अजून मोरीजवळच्या कोपऱ्यात आहे.

जुनी टोळी वर्षातून एकदा जमते, येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला. त्या दिवशी आमच्याकडं गावं ओस पडतात आणि रानं भरतात. सुदाम हा टोळीतला सगळ्यात धाकटा. त्याचं देवणीच्या रस्त्याला थोडं रान आहे. कडब्याची खोपटासारखी कोप उभी करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा झाली की आंबील रानाला शिंपडायची आणि मग पंगत. मिश्र भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, खीर हे सगळं सुदामची बायको कावेरीबाई करते. ठेचा शिवप्पाचा. ठेचा तो खलातूनच नेतो. दगडातून काढून डब्यात भरला की ठेचा मरतो, असं तो म्हणतो. धुतलेल्या धोतराच्या फडक्यात बांधलेला खल खांद्यावर घेऊन शिवप्पा बांधावरून यायला लागला की सुदाम लांबूनच ओरडतो, "आला रे आला, धोंडा आला!"

मागच्या येळवशीला शिवप्पाची सून, राजश्री, हिनंही एक डबा आणला होता. राजश्री नांदेडची. बाप शिक्षक, ती स्वतः उदगीरच्या एका शाळेत शिकवते. तिचा नवरा, शिवप्पाचा मुलगा संगमेश्वर, लातूरला कचेरीत आहे, रोज बसनं जातो येतो. तर राजश्रीनं मोबाईलवर बघून साल्सा केला होता. पिकलेले पण कडक टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, वरून लिंबू आणि मीठ. सगळं कच्चं. पंगतीत तिनं डबा उघडला आणि भगवानरावांच्या ताटात चमचाभर वाढलं. भगवानराव टोळीचे मुकादम होते. अजूनही त्यांच्या आधी कुणी घास घेत नाही.

"हे काय म्हणायचं, सूनबाई?" मुकादमांनी विचारलं.

"साल्सा म्हणतात, काका. परदेशातली चटणी आहे. आपल्या ठेच्यासारखीच."

'ठेच्यासारखीच' हा शब्द शिवप्पाला लागला. तो म्हणाला, "मिक्सर हाय घरात. बटन दाबलं की झालं. कष्ट केले मशीननं, तवा पयलं ताट मशीनीला वाढा."

पंगत हसली. राजश्री म्हणाली, "मिक्सर नाही मामा. चिरलंय सगळं, विळीवर."

"चिरलं म्हणजे मग कोशिंबीर झाली."

पंगत पुन्हा हसली. सुदामनं 'विलायती कोशिंबीर' असं नावही ठेवून टाकलं. राजश्रीनं डब्याला झाकण लावलं. डबा भरलेला गेला तसा भरलेला परत आला. दुसऱ्या दिवशी ती एकटीच ते पोळीशी खात बसलेली शिवप्पानं पाहिली. टोमॅटोच्या फोडी सगळ्या एकसारख्या होत्या, तुरीच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या. एवढं चिरायला किती वेळ बसावं लागलं असेल ते त्याला कळत होतं. कष्ट मोजायलाच तर तो आयुष्यभर शिकला होता. तो तांब्या घेऊन बाहेर गेला.

यंदा दिवाळीच्या आधीपासून त्याचा उजवा खांदा धरला होता. आधी वाटलं वात असेल. मग हात डोक्याच्या वर जाईना. सदरा घालताना तो आधी दुखरा हात बाहीत घालायला शिकला. पाण्याची बादली डाव्या हातानं उचलायला शिकला. घरात कुणाला सांगितलं नाही. मोंढ्यात हमालाचा खांदा गेला की लोक त्याच्याशी हळू आवाजात बोलायला लागत. तो हळू आवाज शिवप्पाला नको होता.

येळवशीच्या दिवशी तो पहाटेच उठला. टोमॅटो, मिरच्या, लसूण गॅसवर भाजले. खल पायांत घेऊन बसला, मीठ, लसूण आणि थोड्या मिरच्या तोडून घातल्या आणि बत्ता उचलला.

पहिले घाव बरे बसले. मग खांद्यात कळ उठली ती थेट कोपरात उतरली. बत्ता हातातून निसटून खलाच्या काठावर आदळला. त्यानं डाव्या हातानं धरून पाहिलं. डाव्या हाताला नेम नव्हता. मिरची नुसती सरकत होती, आणि एक तोडलेली मिरची बाहेर उडून त्याच्या मांडीवर पडली. तो थांबला. दम खाल्ला. पुन्हा उजव्या हातानं लागला. लसूण अर्धा ठेचला गेला होता, अर्धा तसाच. एवढ्यात उजाडायला लागलं.

राजश्री उठली होती. तिच्या पोळ्या रात्रीच लाटून झाल्या होत्या. तिनं टाकी भरायला बोअरची मोटार चालू केली आणि अंघोळीला गेली. संगमेश्वर दुधाला गेला होता. मोटार घुमत होती. ओट्यावर मिक्सर होता.

शिवप्पा उठला. मिक्सर त्यानं कधी वापरला नव्हता, पण राजश्रीला वापरताना रोज पाहत होता. खलातलं सगळं त्यानं भांड्यात ओतलं, उरलेल्या मिरच्या घातल्या, टोमॅटो घातले, झाकण दाबून धरलं आणि बटन फिरवलं. मोटारीच्या घुमण्यात मिक्सरचा आवाज मिसळून गेला. त्याला वाटलं होतं थोडा वेळ लागेल. पण हात काढेपर्यंत सगळं झालं होतं. त्यानं झाकण उघडून आत पाहिलं आणि त्याला किळस आल्यासारखं झालं. रंग फिका, गुलाबी. वर फेस. मिरचीचा धागा नाही. बी कुठं गेलं ते कळत नाही.

चोरी करणाऱ्यानं निदान माल तरी चांगला उचलावा, असं त्याच्या मनात आलं.

त्यानं ते खलात ओतलं. खल कलता करून वरचं पाणी काढलं. फेस चमच्यानं काढून मोरीत टाकला. कांदा, कोथिंबीर वरून घातली, पानं मोठी मोठी तोडली, हातचं दिसावं म्हणून. भांडं नळाखाली धरून हलवलं, पालथं घातलं. बत्ता ठेच्यात बुडवून पुन्हा खलाच्या काठाला टेकवून ठेवला. हे शेवटचं करताना त्याचे कान तापले.

राजश्री केस पुसत स्वयंपाकघरात आली. तिला भज्जीसाठी मसाला बारीक करून न्यायचा होता, कावेरीबाईंनी सांगितलं होतं. तिनं मिक्सरचं भांडं घेतलं, ते ओलं लागलं आणि ती थांबली. भांडं नाकाजवळ नेलं. मग ते उलटं करून खालची चकती फिरवली, पातं बाहेर काढलं. पात्याखाली रबराच्या कडेला टोमॅटोचं बी चिकटलं होतं, लाल चोथ्यासकट. शिवप्पा दारात उभा राहून पाहत होता. पातं निघतं हे त्याला माहीत नव्हतं.

तिनं मागं वळून पाहिलं नाही. पातं धुतलं, रबर धुतलं, भांडं आतून बाहेरून घासलं. मसाला काढला. मग म्हणाली, "मामा, चहा ठेवते."

"हाव."

चहा उकळत असताना तिनं खलाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि हळूच म्हणाली, "शेंगदाणे भाजलेले आहेत थोडे. जाडसर करून वरून घालू का? पाणी दिसणार नाही."

शिवप्पाला हो म्हणवेना आणि नाही म्हणवेना. तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. शेंगदाणे फडक्यात घेतले, पाट्यावर वरवंट्यानं चेपले आणि ठेच्यावर पसरून हलक्या हातानं खालपर्यंत मिसळले. ठेचा एकदम घट्ट दिसायला लागला. हातचा दिसायला लागला. मग तिनं बत्ता उचलला, पुसला आणि बाजूला ठेवला. शिवप्पानं ठेवला होता तसा ठेच्यात बुडवून ठेवला नाही. त्याची नजर खाली गेली.

खल फडक्यात बांधून झाला. संगमेश्वर म्हणाला, "अप्पा, मी घेऊ का? गाडीपर्यंतच आहे."

"घे," शिवप्पा म्हणाला.

संगमेश्वर चमकला. आजवर अप्पांनी कुणाला खलाला हात लावू दिला नव्हता. त्यानं खल खांद्यावर घेतला. तिघं सुदामच्या रानात गेले. बांधावरून खल संगमेश्वरच्या खांद्यावर होता आणि शिवप्पा मागून मोकळ्या हातानं चालत होता. सुदाम लांबून ओरडला, "आरं, धोंड्यानं हमाल बदलला का काय औंदा?"

"पोरगं म्हणालं मी घेतो," शिवप्पा म्हणाला. हे खरं होतं. त्या दिवशी तो ज्या खऱ्या गोष्टी बोलला, त्या थोड्याच.

पूजा झाली. आंबील शिंपडून झाली. ज्वारी कमरेला लागली होती, हरभऱ्याला घाटे धरायला लागले होते. पंगत बसली. भगवानरावांना पहिलं वाढलं. भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी ठेच्याला लावला, तोंडात घातला, डोळे मिटले. म्हाताऱ्याचे दात आता थोडेच उरले आहेत.

"हां," ते म्हणाले. "अगदी मऊ झालाय बघ औंदा. माझ्या दातांची काळजी केलीस तू, शिवप्पा."

"केली," शिवप्पा म्हणाला.

"हाताची चव आसती ही. मशीनीत येत न्हाई."

सुदाम राजश्रीकडं वळला. "सूनबाई, ती विलायती कोशिंबीर आणली न्हाई का औंदा?"

"नाही काका. वेळ नाही मिळाला."

"वेळ कसा मिळंल? ह्यो म्हातारा पहाटंपासून धाडधाड करीत आसंल. झोप तरी लागली का?"

राजश्री उंडे वाढत होती. ती वाढायची थांबली नाही. म्हणाली, "नाही ना. पहाटेपासून आवाज चालला होता मामांचा."

सगळे हसले. शिवप्पा ताटाकडं पाहत राहिला. सुनेनं आपल्यासाठी खोटं बोलावं आणि तेही इतक्या सहज, हे त्याला पचेना. ज्या पंगतीत त्यानं तिचं हसं केलं, त्याच पंगतीत ती त्याला झाकत होती. त्यानं पाणी प्यायलं.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर शिवप्पा ते गिळून घरी गेला असता, हेही खरं आहे.

पण कावेरीबाई भज्जीचं पातेलं घेऊन आली आणि त्याच्यासमोर थांबली. तिच्या उजव्या मनगटाला चिंधी बांधली होती. "भाऊजी, तुमच्या हाताला काय लावताव सांगा की. कसलं तेल?"

"का वहिनी?"

"आवं, माझं मनगट गेलंय. मी म्हणलं मिक्सरात काढते ठेचा, तर हे खायला तयार न्हाईत." तिनं हनुवटीनं सुदामकडं दाखवलं. "रोज एकच. शिवप्पा बघ, म्हातारा झाला तरी कुटतो, तुला काय धाड भरली? रोज तुमचं नाव ऐकून कुटायलेय मी."

"खोटं हाय का मग?" सुदाम तोंडातला घास सांभाळत म्हणाला. "ह्यो बसलाय की म्होरं. इचार त्याला, खांदा दुखतो का म्हणून. पोतं न्हाई सोडलं त्यानं कवा."

सगळ्यांनी शिवप्पाकडं पाहिलं. कावेरीबाई खरोखरच उत्तरासाठी थांबली होती. तिला तेलाचं नाव हवं होतं.

इथं शिवप्पाला खरं सांगायचं होतं. त्यानं तोंडही उघडलं. पण अर्धवट उचललेलं पोतं जसं भलत्याच बाजूला कलतं तसं झालं. तो म्हणाला, "वहिनी, ह्यो ठेचा मी न्हाई केला. राजश्रीनं केलाय. मिक्सरातला हाय."

त्याला वाटलं होतं, यानं दोन्ही साधेल. कावेरीबाईचा त्रास सुटेल, मागच्या वर्षीचं राजश्रीचं देणंही फिटेल. तारीफ झाली आहे ती तिच्या नावावर जाईल.

सुदामनं ताटातला ठेचा बोटानं चाचपला.

"तरीच," तो म्हणाला. "मी म्हणलं पाणी कसं सुटायलंय."

"लसूण कडवटलाय जरा," भगवानराव म्हणाले. आत्ताच डोळे मिटून खाल्लेला घास ते जिभेवर परत आणून तपासत होते. "पात्याच्या गरमीनं व्हतंय ते."

"शेंगदाणे कशाला घातले म्हणलं मी! झाकायला!" सुदाम हसला. "सूनबाई, मास्तरीण हाव तुमी, पण आमाला काय एवढं बी कळंना व्हय? वरून आवाज चालला व्हता म्हणे पहाटंपासून! कसला आवाज, मिक्सरचा?"

राजश्री पंगतीच्या मधोमध उभी होती, हातात उंड्यांची परात. तिनं शिवप्पाकडं पाहिलं नाही. म्हणाली, "हो काका. चुकलं माझं." आणि पुढच्या ताटात उंडा ठेवला.

संगमेश्वरला काहीच माहीत नव्हतं. तो बायकोकडं बघत म्हणाला, "अगं, मग सांगायचं तरी."

शिवप्पाच्या आयुष्यात त्याच्यावर माणसं ओरडली होती, व्यापाऱ्यांनी शिव्या घातल्या होत्या, एकदा ट्रकवाल्यानं गचांडी धरली होती. त्यातलं काहीही या क्षणासारखं नव्हतं. आपण चोरलेलं पोतं आपण तिच्या डोक्यावर दिलं आणि ती ते घेऊन मुकाट्यानं चालायला लागली, असं त्याला दिसलं. मिक्सरला हसायला या माणसांना त्यानंच शिकवलं होतं. शब्द त्याचेच होते. सुदाम फक्त वापरत होता.

"थांब सुदाम," तो म्हणाला.

आवाज हवा तेवढा निघाला नाही. तो पुन्हा म्हणाला, "थांब. तिनं न्हाई केला. मीच केला. मिक्सर मी फिरवला. ती अंघोळीला गेल्यावर, चोरून. माझा खांदा गेलाय. बत्ता उचलत न्हाई. तिला भांड्यात घाण सापडली, तिनं ती धुतली आन् माझी लाज झाकली. शेंगदाणे बी त्यासाठीच घातले तिनं. आन् मी आत्ता ते तिच्यावर ढकललं."

एवढं सलग तो सहसा बोलत नसे. बोलून झाल्यावर हात कुठं ठेवावा ते त्याला कळेना. त्यानं तो भाकरीवर ठेवला.

कुणीच हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मोंढ्यात एखादा हमाल फळीवरून पडला की कुणी हसत नाही. दोघं जाऊन पोतं उचलतात, एकजण माणसाला उठवतो आणि काम पुढं चालू होतं. शिवप्पानं कितीदा पाहिलं होतं ते. पडलेल्याच्या जागेवरून मात्र आज पहिल्यांदाच पाहत होता.

"कवापासून?" भगवानरावांनी विचारलं. हळू आवाजात.

"दिवाळीच्या आधीपासून."

"अप्पा!" संगमेश्वर उठायलाच निघाला. "आणि मला एका शब्दानं..."

"तुला सांगितलं आसतं तर तू लातूरला दवाखान्यात नेलं आसतंस."

"मग?"

शिवप्पानं विचार केला. "मग काय. नेलं आसतंस."

यावर मात्र कावेरीबाई फिसकन हसली, आणि तिच्यामागून एकदोघं. भगवानरावांनी ताट पुढं केलं. "वाढा रे इकडं. मिरची मिक्सरातबी तिखटच ऱ्हाती." त्यांनी दोनदा ठेचा घेतला आणि दोन्ही वेळा मोठ्यानं चांगला म्हणाले. म्हातारा भला माणूस. पण ती दया होती आणि ती दया शिवप्पाला प्रत्येक घासाला दिसत होती.

सुदाम बायकोच्या मनगटाकडं बघून म्हणाला, "ती चिंधी कवापासून बांधलीस?"

"दिसली का आता?" कावेरीबाई म्हणाली. "पाऊस संपल्यापासून हाय."

मग ती राजश्रीकडं गेली. "पोरी, ते तुझं गेल्या सालचं, ते चिरूनच करतेस नव्हं? कुटायचं काय न्हाई त्यात?"

"नाही काकू. फक्त चिरायचं."

"चिरायला जमतंय मला. दाव."

सुदामच्या रानाच्या कडेला टोमॅटोचे दोन वाफे होते. कावेरीबाईनं ओटीभर तोडून आणले, कांदा आणि कोथिंबीर कोपेत होतीच, लिंबू पूजेतलं. दोघी विळी घेऊन बसल्या. राजश्री सांगत होती, "आधी मधला बियांचा गर काढून घ्या, नाहीतर पाणी होतं. कांदा मिठात थोडा चोळून ठेवा, उग्रपणा जातो. लिंबू शेवटी, खायच्या वेळी." शिवप्पा थोडा लांब बसून ऐकत होता. त्या सांगण्यात एक क्रम होता. आधी हे, मग ते, आणि असं का, तेही. मागच्या वर्षी त्यानं तो क्रम विचारला नव्हता.

तो उठून जवळ गेला. "मला बी दे थोडे."

राजश्रीनं एक टोमॅटो आणि चाकू पुढं सरकवला. तो डाव्या हातानं चिरायला लागला. फोडी वेड्यावाकड्या पडल्या, एक मोठी, एक चिंधीसारखी. राजश्रीनं त्या पाहिल्या. ती 'असू द्या' म्हणाली नाही. मोठ्या फोडी उचलून घेतल्या आणि विळीवर पुन्हा बारीक केल्या. त्याला ते बरं वाटलं. वाईटही वाटलं.

तयार झालं तेव्हा सगळ्यांना चमचा चमचा वाढलं. सुदाम 'विलायती कोशिंबीर' म्हणाला नाही, पण त्यानं पुन्हा मागितलं. शिवप्पानं भाकरीला लावून घास घेतला. मीठ कमी होतं. त्यानं मान खाली घालून दुसरा घास घेतला.

निघताना संगमेश्वरनं खल उचलला. त्यात निम्मा ठेचा तसाच होता. "अप्पा, हा घरी न्यायचा, का काकूंकडं ठेवायचा? आता तुम्हाला..."

"नको रे बाबा!" कावेरीबाई दोन्ही हात हलवत म्हणाली. "धोंडा हितं ऱ्हायला तर ह्यो माणूस मला उद्यापासून पुन्हा कुटायला लावंल."

सुदामनं बायकोकडं पाहिलं आणि जमिनीकडं पाहिलं.

संध्याकाळी घरी आल्यावर शिवप्पानं उरलेला ठेचा खरडून वाटीत काढला. खल मोरीत घेऊन डाव्या हातानं धुतला. वेळ लागला. राजश्री शेजारच्या ओट्यावर डबे धूत होती. तिच्याशी काय बोलायचं ते त्यानं वाटेत बऱ्याच वेळा जुळवलं होतं. प्रत्येक वेळी ते मागच्या वर्षीच्या डब्यापाशी येऊन अडकत होतं.

तो हात पुसत उठला.

"ते मिक्सरचं भांडं दे," तो म्हणाला. "पातं कसं काढतात ते दाव. कसं धुतात."

"धुतलंय मामा. सकाळीच धुतलं मी."

"म्हणूनच दाव."

राजश्रीनं हात थांबवला. मग फडताळातून भांडं काढून त्याच्या डाव्या हातात दिलं. "खालची चकती," ती म्हणाली. "उलट्या बाजूनं फिरवा."

त्याला ती फिरवता येईना. ती मदतीला आली नाही. बाजूला उभी राहिली आणि तो प्रयत्न करत असताना पाहत राहिली.